अंगभूत किती असावे? वेब-फ्रेमवर्कविषयी एक भाषिक विचार

वेब-फ्रेमवर्क म्हणजे संकेतस्थळ उभारणाऱ्यास मिळणारा तयार सांगाडा. त्यात किती सोयी अंगभूत असाव्यात, हा प्रश्न अभियंत्यांचा समजला जातो. तो भाषाभ्यासकाचाही आहे, हे एटापल्ली तालुक्यातील सूरजागडचे उदाहरण घेतले असता ध्यानात येते. या परिसरात बोलली जाणारी माडिया हे द्राविड कुलातील गोंडीचे एक रूप होय. तिचा शब्दसंग्रह संकेतस्थळावर ठेवावयाचा झाल्यास सांगाडा कोणता घ्यावा?

येथे दोन पक्ष संभवतात. २००५ साली प्रसिद्ध झालेला ‘जँगो’ कॅन्ससमधील एका वृत्तपत्राच्या कचेरीत घडला. माहितीचा साठा, प्रवेशाधिकार, नोंदी तपासण्याची व्यवस्था, भाषांतराची योजना, हे सर्व त्यात सिद्ध आहे. २०१० चा ‘फ्लास्क’ मुख्यतः पत्त्यांची जुळणी आणि पानांचे साचे देतो. बाकीचे ज्याचे त्याने जोडावे.

सूत्रकारांच्या लाघवावर वाढलेल्या आपल्या मनाला दुसरा पक्ष सहज रुचतो. परंतु सांगाडा हलका झाल्याने भार नाहीसा होत नाही. तो उभारणाऱ्याच्या खांद्यावर येतो. परवलीचे शब्द सुरक्षित राखण्याची युक्ती एकट्या संशोधकाने नव्याने रचणे हे लाघव नव्हे, धाडस होय.

विपुलतेचा दोष मात्र निराळा आहे. जँगोच्या अंगभूत भाषासूचीत मराठी आहे, गोंडी नाही. आपल्या स्थळापुरते ‘माडिया’ हे नाव नोंदविता येते. पण भाषेचे नाव व लेखनदिशा सांगणारी व्यवस्था मूळ सूचीतच शोध घेते आणि नोंद न मिळाल्यास चूक दाखविते. जाणकार ती सूची वाढवितो; नवशिक्या माडिया शब्द ‘मराठी’ या नावाखाली घालून मोकळा होतो. पुढील अभ्यासकास मग तो संग्रह मराठीचाच वाटेल.

पाणिनीने येथे वाट दाखविली आहे. नियम अष्टाध्यायीत, शब्दांच्या याद्या गणपाठात. आणि त्यांतील काही गण परंपरेने ‘आकृतिगण’, म्हणजे नव्या शब्दांना खुले, मानले. तोच विवेक येथे हवा. जे सर्वांना लागते व चुकल्यास घातक ठरते, ते अंगभूत असावे. जे समाजागणिक बदलते, त्याची यादी खुली असावी. सोयींची संख्या हा गौण प्रश्न आहे. सूची बंद की खुली, हा मुख्य.