गळक्या झडपेचा आकडा

हृदयातील झडपा रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात, असे आपण वर्गात शिकवतो. पण झडप नीट मिटली नाही, तर प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त मागे फिरते. ते किती, हे एमआरआयने मोजता येते. या तंत्राविषयी सामान्य वाचकांसाठी लिहिताना 'यंत्र अचूक आकडा देते' असे सहज म्हटले जाते. आमचा आक्षेप या वाक्याला आहे.

तंत्र सुंदर आहे, यात शंका नाही. चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनची केंद्रके भोवऱ्यासारखी डोलतात. हे क्षेत्र जागोजागी कमीअधिक केले, की वाहत्या रक्तातील केंद्रकांचे डोलणे स्थिर केंद्रकांच्या तुलनेत पुढेमागे होते. हा फरक वेगाच्या प्रमाणात असतो. पाण्याची गती अशा रीतीने ओळखता येते, हे हान यांनी १९६० साली दाखवले होते. वेगाला रक्तवाहिनीच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणले, की प्रवाह मिळतो. महाधमनीच्या झडपेतून मागे आलेले रक्त असे थेट मोजता येते.

डाव्या बाजूच्या द्विदल झडपेचे तसे नाही. ती ठोक्यागणिक सरकते आणि गळणारी धारही वेडीवाकडी असते. म्हणून तेथे बहुधा वजाबाकी करतात. समजा, डाव्या निलयातून एका ठोक्याला १३० मिलिलिटर रक्त बाहेर पडले आणि महाधमनीतून ७५ पुढे गेले. म्हणजे गळती ५५. आता दोन्ही मापांत ५ टक्के चूक विरुद्ध दिशांनी झाली, तर उत्तर सुमारे ४५ ते ६५ यांमध्ये कोठेही येईल! वजाबाकीने ५ टक्क्यांची चूक जवळजवळ १९ टक्क्यांवर नेली.

तीव्र गळतीची प्रचलित मर्यादा ६० मिलिलिटर आहे आणि ती मुळात ध्वनिलहरींच्या तपासणीसाठी ठरवलेली आहे. म्हणजे एकच रुग्ण मर्यादेच्या अलीकडेही पडेल आणि पलीकडेही. शिवाय हे माप अनेक ठोके जुळवून काढलेले असते. ठोके अनियमित असतील, तर तेही बिघडते. म्हणूनच जाणते डॉक्टर शस्त्रक्रियेचा निर्णय केवळ एका आकड्यावर घेत नाहीत. रुग्णाचा त्रास, हृदयाचा आकार, इतर तपासण्या असे सारे एकत्र पाहतात.

यंत्राचे मोल यामुळे कमी होत नाही. पण मापाबरोबर त्यातील संभाव्य चूक सांगितली नाही, तर ते सांगणे अपुरे राहते. प्रयोगवहीत विद्यार्थ्यांकडून आपण हीच शिस्त मागतो. विज्ञानलेखकांकडूनही ती मागायला हवी.