पडदा, प्रकाश आणि परंपरा : बाबुराव पेंटर यांच्या कलादृष्टीचा विचार

बाबुराव पेंटर (१८९०-१९५४) यांच्या कारकिर्दीविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, ते बहुतांशी गौरवपर आहे आणि त्याचा रूपबंध ठरून गेलेला आहे. देशी बनावटीचा कॅमेरा, स्त्रीभूमिकांत स्त्रियांचा प्रवेश, कृत्रिम प्रकाशाचा वापर, सामाजिक आशयाचा मूकपट अशी 'पहिलेपणा'ची यादी मांडली जाते आणि तिच्या शेवटी 'मूळचे ते चित्रकार' असा उल्लेख येतो. या मांडणीत चित्रकला ही चित्रपटाची पूर्वतयारी ठरते. कलावंताची एकच दृष्टी दोन माध्यमांतून कसा मार्ग शोधत गेली, हा प्रश्न त्यामुळे उपस्थितच होत नाही. शिवाय ज्या मूकपटांवर ही कीर्ती उभी आहे, त्यांपैकी बहुतेक आज उपलब्ध नाहीत. समोर नसलेल्या कलाकृतीविषयी समीक्षेने काय आणि किती बोलावे, हा येथला खरा पेच आहे.

या पेचाकडे पाहण्यासाठी चित्रपटाच्या परिघाबाहेरील एक उदाहरण उपयोगी पडते. आजच्या पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत बोहाडा हा मुखवट्यांचा उत्सव होतो. रात्री टेंभ्यांच्या उजेडात, वाद्यांच्या तालावर, गणपतीपासून रावणापर्यंतची सोंगे एकामागून एक प्रेक्षकांसमोर नाचत येतात. काही सोंगे ठरावीक घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असतात. मुखवटा जुना झाला की त्यावर नवा रंग चढतो. फारच जीर्ण झाला तर दुसरा घडवला जातो. तरीही सोंग 'तेच' राहते. या कलेत प्रतिमेचे टिकणे वस्तूवर अवलंबून नसते, ते पुनरावृत्तीवर अवलंबून असते. दुसरी गोष्ट अशी की येथे प्रतिमा नेहमी प्रेक्षकाला सन्मुख असते. मुखवट्याला पाठ नसते आणि त्याच्यामागे 'स्थळ' नसते. असतो तो केवळ अंधार. पाहणे म्हणजे येथे दर्शन घेणे असते.

प्रतिमेच्या अशा सन्मुखतेशी बाबुरावांचा संबंध प्रथम आला तो कोल्हापुरात, नाटकांच्या पडद्यांच्या द्वारे. बाबुराव कृष्णराव मेस्त्री हे कारागिरांच्या घराण्यातील, औपचारिक कलाशिक्षण न घेतलेले चित्रकार. चुलत बंधू आनंदराव यांच्यासह ते नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवीत. रंगवलेला पडदा हा खोलीचा आभास देणारा सपाट पृष्ठभाग असतो. यथादर्शनाच्या नियमांनी त्यावर राजवाड्याचे दालन लांबवर जाताना दिसते. पण नट मात्र त्या दालनात कधीच शिरू शकत नाही. तो पडद्यापुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहून गातो. पडद्याने दाखवलेला अवकाश आणि नटाने वापरलेला अवकाश यांतील हा विसंवाद संगीत रंगभूमीने संकेत म्हणून स्वीकारलेला होता. बाबुरावांच्या पुढील कारकिर्दीकडे या विसंवादाला दिलेले उत्तर म्हणून पाहता येते.

फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) पाहून दोघे बंधू चित्रपटाकडे वळले. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. त्यानंतर बाबुरावांनी सहकाऱ्यांच्या साह्याने कॅमेरा सिद्ध केला आणि तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक पाठबळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. १९२० मध्ये प्रदर्शित झालेल्या 'सैरंध्री'तील कीचकवधाचे दृश्य इतके प्रत्ययकारी होते की त्यावर नियंत्रकांची कात्री चालली. लोकमान्य टिळकांनी बाबुरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली तीही याच चित्रपटाच्या निमित्ताने. या दोन्ही प्रतिक्रिया एकत्र वाचल्या पाहिजेत. रंगभूमीवर कीचकवध नवा नव्हता. खाडिलकरांच्या नाटकावर सरकारने बंदी घातली होती ती त्यातील राजकीय अन्योक्तीमुळे. चित्रपटाच्या बाबतीत मात्र हरकत आली ती दृश्याच्या वास्तवतेला. याचा अर्थ असा की पौराणिक प्रसंग दर्शनाच्या पातळीवरून घटनेच्या पातळीवर उतरला होता.

हे स्थित्यंतर केवळ कथावस्तूमुळे घडलेले नाही. बाबुरावांनी चित्रपटातून रंगवलेल्या पडद्यांना हळूहळू हद्दपार केले आणि त्यांच्या जागी ज्यात माणसे वावरू शकतील असे घनरूप नेपथ्य उभे केले. पात्रांची वेशभूषा व हालचाली यांची रेखाटने ते चित्रीकरणापूर्वी करीत. 'सिंहगड'मध्ये (१९२३) त्यांनी कृत्रिम प्रकाशयोजनेचा अवलंब केला. चित्रकार पडदा सोडतो याचा अर्थ तो चित्रकला सोडतो असा नाही. जी खोली पूर्वी रंगाने सुचवावी लागे, ती आता छाया आणि प्रकाश यांच्याद्वारे प्रत्यक्ष घडवता येऊ लागली. नट अखेर दालनात शिरला.

या दृष्टीचा परिपाक 'सावकारी पाश'मध्ये (१९२५) झाला असावा. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील या मूकपटात सावकाराच्या कपटाने जमीन गमावलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणी-कामगार होतो. त्या शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. येथे देव नाहीत, राजे नाहीत. म्हणजेच दर्शनाला आधार देणारा कोणताही पूर्वसंकेत नाही. जे. बी. एच. वाडिया यांनी पुढे या चित्रपटाची आठवण नोंदवताना मंद उजेडात दूरवरून टिपलेल्या एका उदास झोपडीचा आणि कुत्र्याच्या रडण्याचा उल्लेख केला आहे. मूकपटातील रडणे कानांनी ऐकू येणे शक्य नव्हते, तरीही ते स्मरणात राहिले. प्रतिमा इतकी भरीव होती की तिने स्वतःचा ध्वनी निर्माण केला, असेच यातून म्हणावे लागते. आणि ही झोपडी कोणाकडेही तोंड करून उभी नाही. ती प्रेक्षकाकडे पाहत नाही. प्रेक्षकालाच तिच्यापर्यंत जावे लागते. सोंगाची सन्मुखता येथे पूर्णपणे मागे पडली आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. एका प्रेक्षकाच्या आठवणीवर एवढा अर्थ लादणे समीक्षेच्या दृष्टीने कितपत न्याय्य आहे? हा आक्षेप गंभीर आहे. त्याला उत्तर एवढेच की हरवलेल्या कलाकृतीबाबत स्मृती हा पुरावा एकटा पुरेसा नसतो. तो अन्य पुराव्यांशी जुळतो की नाही, हे पाहावे लागते. बाबुरावांच्या बाबतीत त्यांची तैलचित्रे, त्यांनी स्वतः रंगवलेली जाहिरातचित्रे आणि त्यांच्या शिष्यांची निर्मिती हे ते अन्य पुरावे होत. त्यांतील शेवटचा सर्वांत महत्त्वाचा आहे.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी सोडून प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. 'सैरंध्री' आणि 'सिंहगड' हे दोन्ही विषय प्रभातने १९३३ मध्ये बोलपटाच्या रूपात पुन्हा केले. 'सावकारी पाश' स्वतः बाबुरावांनी १९३६ मध्ये बोलपट म्हणून पुन्हा घडवला. वरवर पाहता ही बोहाड्यासारखीच पुनरावृत्ती आहे : मुखवटा नवा, सोंग तेच. पण साम्य येथेच संपते. बोहाड्यात सोंगाचा प्राण संकेतात असतो, म्हणून रंग बदलला तरी ते टिकते. बाबुरावांच्या मूकपटाचा प्राण एका विशिष्ट उजेडात, एका विशिष्ट चौकटीत होता. कथा पुन्हा सांगता येते, तो उजेड पुन्हा आणता येत नाही. फीत नष्ट झाली तेव्हा जे गेले ते खरोखरच गेले.

तरीही दृष्टी गेली नाही. दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम'मधील (१९३६) घर, अंगण आणि नदीकाठ हे राहती जागा म्हणून उभे राहतात. शांताराम यांच्या 'कुंकू'मध्ये (१९३७) वाड्याच्या अवकाशातूनच स्त्रीची कोंडी मूर्त होते, आणि त्याची कथाही आपट्यांचीच आहे. या दोन्ही ठिकाणी कोल्हापूरच्या त्या कार्यशाळेचे संस्कार ओळखू येतात. पुनरावृत्ती कथेची झाली, पण वारसा मिळाला तो पाहण्याच्या रीतीचा.

स्वतः बाबुरावांना मात्र बोलपट मानवला नाही. 'उषा' (१९३५), 'प्रतिभा' (१९३७) असे काही चित्रपट त्यांनी केले, पण संवाद आणि पद यांच्या आगमनाबरोबर नट पुन्हा प्रेक्षकाकडे वळून बोलू-गाऊ लागला होता. पडद्याचा जुना विसंवाद वेगळ्या रूपात परतला होता. बाबुराव चित्र आणि शिल्प यांकडे अधिकाधिक वळले. चरित्रकार याला उतरता काळ म्हणतात. एकाच दृष्टीचा विचार केला असता ती माघार वाटत नाही. जे माध्यम त्या दृष्टीला शांतपणे सामावून घेऊ शकत होते, तेथे ती परतली.

म्हणून 'पहिलेपणा'ची यादी पुरेशी नाही. ती यादी यंत्रांचा इतिहास सांगते. बाबुराव पेंटर यांचे कार्य मराठी प्रेक्षकाच्या पाहण्याच्या इतिहासात मोजले पाहिजे. दर्शन घेणाऱ्या डोळ्याला त्यांनी एका अनाम झोपडीपर्यंत चालत जायला लावले. ती झोपडी आज दाखवता येत नाही. पण तिच्यानंतर बांधल्या गेलेल्या घरांतून ती कोठे आणि कशी उरली आहे, हे दाखवता येते. समीक्षेला करता येण्याजोगे आणि तिने करावे असे काम ते आहे.