कादंबरीतील निवेदक आणि रंगभूमी : 'क्राइम अँड पनिशमेंट'च्या नाट्यरूपांतरांसंबंधी

कादंबरीचे नाटक करावयाचे म्हणजे तिच्यातील संवाद वेगळे काढून त्यांची प्रवेशवार मांडणी करावयाची, असा एक समज रूढ आहे. डोस्टोव्हस्कीच्या कादंबऱ्यांत संवाद विपुल व प्रसंग मुळातच नाट्यपूर्ण असल्यामुळे त्यांच्या बाबतीत हा समज अधिकच बळावतो. खुद्द डोस्टोव्हस्कीचे मत मात्र निराळे होते. 'क्राइम अँड पनिशमेंट' (१८६६) या कादंबरीचे नाटक करू इच्छिणाऱ्या एका बाईंना त्याने १८७२ साली पत्र लिहिले. अनुमती त्याने नाकारली नाही. परंतु कथनात्म रूपाला नाट्यात समतुल्य रूप सापडत नसते, असे बजावून, एक तर कादंबरीतील एखादाच प्रसंग घ्यावा, नाही तर मूळ विचार कायम ठेवून कथानक पार बदलावे, असे त्याने सुचविले.

या इशाऱ्याचे मर्म, आमच्या मते, निवेदकाच्या स्थानात आहे. ही कादंबरी डोस्टोव्हस्कीने प्रथम रास्कोलनिकोव्हच्या तोंडी, कबुलीजबाबाच्या रूपाने लिहावयास घेतली होती. १८६५ च्या अखेरीस ते लेखन बाजूस सारून त्याने तृतीयपुरुषी निवेदन स्वीकारले. हा निवेदक नायकाच्या इतका निकट वावरतो की, खुनानंतर बाहेरून घंटा वाजत असता आत दारापाशी उभ्या असलेल्या रास्कोलनिकोव्हबरोबर वाचकाचाही श्वास कोंडतो. तथापि नायकाचे तत्त्वज्ञान तो आपले म्हणून कधीच मांडीत नाही. जवळीक आणि अंतर यांचा हा तोल म्हणजेच कादंबरीचा नैतिक आशय होय. रंगभूमीवर निवेदक गळला की हा तोल ढळतो. उरतो तो एक बुद्धिमान, पीडित तरुण. प्रेक्षकांची सहानुभूती त्याच्याकडे धावते आणि मारल्या गेलेल्या दोन स्त्रिया विस्मृतीत जातात.

यावरील सरळ उपाय म्हणजे निवेदकालाच रंगमंचावर आणणे. मॉस्को आर्ट थिएटरमध्ये नेमिरोविच-दान्चेन्को याने १९१० साली 'ब्रदर्स करमाझोव्ह' दोन संध्याकाळी मिळून सादर केले, तेव्हा प्रसंग जोडण्यासाठी एका वाचकाची योजना केली होती. त्यानेच १९३० साली टॉलस्टॉयच्या 'रिझरेक्शन'मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. काचालोव्ह हा थोर नट लेखकाच्या वतीने पात्रांमध्ये वावरे व त्यांच्या मनातील विचार बोलून दाखवी. परंतु टॉलस्टॉयचा निवेदक उघडपणे न्याय देतो, म्हणून त्याला देह देता आला. 'क्राइम अँड पनिशमेंट'चा निवेदक स्वतःला लपवितो. त्याला देह दिल्यास तो उपदेशक होण्याचा संभव फार.

म्हणूनच पुढील दोन प्रयोग उद्बोधक ठरतात. मॉस्कोच्या तागान्का रंगमंदिरात ल्युबिमोव्ह याने १९७९ साली केलेल्या प्रयोगात प्रेक्षकांना खून झालेल्या स्त्रियांच्या देखाव्यावरून आत जावे लागे. रास्कोलनिकोव्हने म्हातारीस मारले ते ठीकच केले, सापडला एवढेच वाईट, अशा आशयाचे एका शालेय निबंधातील उद्गार प्रयोगाच्या शेवटी ऐकविले जात. बळींचा विसर पडू नये, हा दिग्दर्शकाचा आग्रह न्याय्यच आहे. परंतु त्यात अंतर राहते आणि जवळीक हरपते. कादंबरी आरोपपत्र होऊ पाहते.

वायदा याने १९८४ साली क्राकूव्ह येथे निराळी वाट धरली. रास्कोलनिकोव्ह आणि तपास अधिकारी पोर्फिरी यांच्या संभाषणांभोवतीच त्याने नाटक रचले आणि प्रेक्षकांना कचेरीतील आडभिंतींपलीकडून ते पाहावयास लावले. प्रेक्षक येथे पात्रांच्या अगदी निकट असतो. पण खोलीत नसतो. निवेदकाची जागा कोणा नटाकडे न जाता प्रेक्षकाकडे येते. पीटर्सबर्गची दाटी व उपासमार यांचा मोठा भाग यात गळतो, ही हानी लहान नव्हे. परंतु एकच धागा घ्या, हा डोस्टोव्हस्कीचा सल्ला येथे सार्थ झाला आहे.

सारांश, किती प्रसंग राखले, ही रूपांतराची कसोटी नव्हे. मूळ निवेदक जेथे उभा होता तेथे प्रेक्षक उभा राहतो की नाही, हे पाहावयास हवे. तो तेथे पोचला नाही, तर सर्व संवाद जसेच्या तसे ठेवूनही कादंबरी रंगमंदिराबाहेरच राहिली, असे म्हणावे लागेल.