भेग पडते, तडा जातो

भेग, तडा, चीर, फट. कोशात यांतल्या एकाचा अर्थ सांगायला दुसराच शब्द पुढे येतो. क्रियापदं मात्र त्यांना वेगळं ओळखतात. भेग पडते, तडा जातो, चीर पाडतात, फट राहते. फट राहिली म्हणजे बहुधा सुताराचं माप चुकलं. चिरेमागे हत्यार असतं. म्हणूनच की काय, कोकणात घडवलेला जांभा दगड म्हणजे चिरा, आणि चीर या शब्दाचं अनेकवचनही चिराच! चिऱ्यांनी भिंत उभी राहते, चिरांनी ती खचते.

खरी गंमत भेग आणि तडा यांच्यात आहे. भेग पडायला कोणाला घाव घालावा लागत नाही, ओल आटली की पुरे. मराठवाड्यातली काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि वैशाखात आकसून अशी उलते, की भेगेत हात जावा. पाऊस लागला की माती पुन्हा फुगते नि भेगा आपोआप मिटतात. टाचांचंही तेच. त्वचा कोरडी पडली की त्या भेगाळतात; मग कोकणात भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, चोळायचं.

तडा या शब्दात ‘तड्’ असा आवाजच ऐकू येतो. थंड काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतला की क्षणात तडा जातो. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाने कोयना धरणाच्या भिंतीला गेले, तेही तडेच. ते इपॉक्सी भरून सांधावे लागले, भिंतीला मागून आधार द्यावा लागला. तडा आपला आपण भरून येत नाही.

बोलण्यात ही सीमा पुसट होते. भिंतीला भेगही पडते. विश्वासाला मात्र तडाच जातो. तिथे भेग चालत नाही, कारण विश्वास एका घावात मोडतो. पण मैत्रीलाही आपण सरसकट तडाच लावतो, हे मला खटकतं. पुष्कळ नाती कुणी न तोडता, जाणं-येणं आटल्याने दुरावतात. मायेला ‘ओलावा’ म्हणणाऱ्या भाषेत अशा दुराव्याला भेग म्हणणंच नेमकं ठरेल. तडा म्हटलं की दोष कुणाचा, हे आधी शोधलं जातं. भेग म्हटलं तर निदान ओल कुठे आटली, एवढं तरी विचारता येईल.