तालुक्याला न उतरलेली रेषा

१९५२ च्या ‘मोहिनी’ दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर शि. द. फडणीस यांनी एक तरुणी आणि एक तरुण काढला. तिच्या साडीवर मांजरे छापलेली, त्याच्या शर्टावर उंदीर. खाली ओळ नाही, कोणाच्या तोंडी वाक्य नाही. दोघांनी आपापल्या आवडीने घेतलेले कापड एका चौकटीत आले आणि जागच्या जागी पाठलाग सुरू झाला. मराठी हास्यचित्राची सारी ताकद या एका मुखपृष्ठात दिसते. कोणाचे नाक लांब केलेले नाही, कोणी घसरून पडलेले नाही, कोणा पुढाऱ्याची टर उडवलेली नाही. फडणीसांनी २९ जुलै २०२५ रोजी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली. त्यांचे ‘हसरी गॅलरी’ हे चित्रप्रदर्शन शहरांनी मनापासून पाहिले आणि गणिताच्या पाठ्यपुस्तकांतून तीच रेषा खेड्यापाड्यांतल्या शाळांतही पोचली. चित्र पोचले, चित्राचा विषय मात्र त्या शाळेच्या गावातून क्वचितच घेतला गेला. आजच्या मराठी हास्यचित्राची अडचण मला इथे दिसते. रोजच्या जगण्यातले विचित्र हेरणारी नजर आपण कमावली, पण ती ज्या जगण्यावर रोखली ते सत्तर वर्षांत फारसे बदलले नाही.

पुढच्या चित्रकारांनी काम कमी केले असे मुळीच नाही. वसंत सरवटे यांनी ‘ललित’ मासिकातल्या सदरलेखक ठणठणपाळाला चेहरा दिला आणि शिकलेल्या मध्यमवर्गाचा अवघडलेपणा असा टिपला की त्यांच्या चित्रातल्या खुर्च्याटेबलांनाही स्वभाव असतो. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये आला आणि मोजक्या चौकटींत शहरी बालपण रोज नव्याने उभे करत राहिला. मधुकर पाटकरांच्या ‘आवाज’ या दिवाळी अंकाने खिडकीचित्रे लोकप्रिय केली: खिडकीतून भलतेच काही दिसते, पान उलटले की साधेच निघते. ही युक्ती मुळात फार सुंदर आहे, पण ती चावटपणाच्या वळणावर जाऊन तिथेच थांबली. वृत्तपत्रातली छोटी चौकट तर बहुतांशी राजकारणाने व्यापली. रोजच्या बातमीतून विषय आयता मिळतो, पुढाऱ्याचा चेहरा वाचकाला पाठ असतो, आणि अंक छापायला जायच्या आत चित्र हातावेगळे करायचे असते. विषयासाठी एसटी स्टँडवर तासभर बसायला कोणाला सवड नाही. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथाकथनाने गद्यातला विनोद गावात नेला, तिथल्या माणसांच्या बेरकीपणासकट. चित्रातला गावकरी मात्र बहुतेक वेळा पागोटे आणि काठी घेऊन शहराच्या रस्त्यावर बावरलेलाच राहिला. अपवाद आहेत, पण त्यांची परंपरा झाली नाही.

न काढलेले किती पडून आहे, हे पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांकडे पाहिले तरी कळते. पुण्याहून मनमाडच्या बाजूला जाणाऱ्या गाडीला दौंड जंक्शनवर दिशा बदलावी लागे. इंजिन एका टोकाचे सुटे आणि दुसऱ्या टोकाला लागे. म्हणजे पुण्याला धावतपळत खिडकीची, गाडीच्या दिशेला तोंड असलेली जागा पटकावलेला माणूस दौंडपर्यंत जिंकलेला असे. दौंड सुटले की तोच पाठमोरा प्रवास करू लागे, आणि समोर मुकाट बसलेल्या माणसाच्या तोंडावर वारा येई. जागेवरून कोणीही उठलेले नाही, कोणी कोणाला काही बोललेले नाही, तरी निकाल फिरला. याहून चांगले शब्दाविना चित्र कोणते असणार? आता गाड्या कॉर्ड लाइनवरून दौंडच्या बाहेरूनच निघू लागल्या आहेत. ही गंमत कोणी कागदावर धरण्याआधी नाहीशी होऊ शकते. शिरूरकडे नगर रस्त्यावर रांजणगावचा महागणपती आणि औद्योगिक वसाहत शेजारी शेजारी आहेत. दर्शनाच्या रांगेतून पुढे आलेला कामगार सवयीने गाभाऱ्यापुढेही गळ्यातले ओळखपत्र धरतो, असे चित्र तिथे आपोआप सुचते. त्यात देवाचीही थट्टा नाही आणि कामगाराचीही. आठ तासांच्या पाळीने माणसाच्या हाताला काय शिकवले, एवढेच त्यात आहे. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढणारा, गाणी वाजवत जाणारा ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे नाइलाजाने तेच गाणे ऐकत सरकणाऱ्या मोटारींची रांग, हाही असाच विषय.

यावर पहिला आक्षेप असा की हे काम आता मोबाइलवरच्या रील करतात, आणि गावाकडची मुलेच करतात. हे खरे आहे, आणि त्यांतल्या कित्येकांची बोली आणि वेळेचे भान अस्सल आहे. चौफुल्याच्या कला केंद्रांमुळे अजूनही तमाशाशी नाते असलेल्या या भागात बतावणीचा हजरजबाबीपणा मोबाइलवर आला, यात नवल नाही. पण तो विनोद संवादाचा आहे. त्याला बोलणारा लागतो, बहुतेकदा फजिती होणारा लागतो आणि शेवटी टाळीचे वाक्य लागते. दौंडच्या गाडीत कोणाचीच चूक नाही. परिस्थितीच तिरपी झाली आहे, आणि ते दाखवायला स्थिर चौकटच हवी, कारण जिंकलेला आणि हरलेला एकाच नजरेत दिसावे लागतात. दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो: शब्दाविना चित्र साऱ्या जगाचे असते, त्याला तालुका कशाला चिकटवायचा? फडणीसांची तरुणी साडी नेसलेली आहे, हे इथे विसरले जाते. तपशील एका जागेचा आणि नेमका असतो, म्हणूनच चित्र परक्याला खरे वाटते. कुठलीच जागा नसलेले चित्र फक्त सजावट होते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. शिरूर तालुक्यात पिंपरखेडच्या परिसरात २०२५ मध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, लहान मुले गेली, आणि गावकरी गळ्याला खिळ्यांचे पट्टे बांधून शेतात जाऊ लागले. वरवर पाहता हे एखाद्या हास्यचित्रासारखे आहे: राखणीच्या कुत्र्याचा पट्टा माणसाच्या गळ्यात. यावर हसायचे का? पट्टा बांधलेल्या माणसाला हसणारे चित्र काढूच नये. पण ज्या व्यवस्थेत शेतकऱ्याला आपला गळा आपणच खिळ्यांनी झाकावा लागतो, तिचा विपरीतपणा दाखवणारे चित्र काढलेच पाहिजे. मंगेश तेंडुलकरांनी पुण्याच्या चौकांत उभे राहून वाहतुकीवरची व्यंगचित्रे वाहनचालकांच्या हाती दिली. विषय अपघाती मृत्यूचाच होता, पण त्यांच्या चित्रांनी मेलेल्याची कुचेष्टा केली नाही. वेगाची घाई हास्यास्पद ठरवली. हसू कोणाकडे वळवायचे हे चित्रकाराच्या हाती असते, आणि याच निवडीवर त्याची पारख करावी.

तेंडुलकरांच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे: चित्र जिथले, तिथेच त्यांनी ते वाटले. दिवाळी अंकांत हास्यचित्र आजही बऱ्याचदा कथेखालची मोकळी जागा भरायला, बोटभर आकारात वापरले जाते आणि मानधनही त्याच बेताचे असते. संपादकांनी एखाद्या चित्रकाराला चार पाने आणि प्रवासखर्च देऊन गाळपाच्या हंगामात आठवडाभर दौंड-शिरूरकडे पाठवावे. निघालेली चित्रे अंकात छापावीतच, शिवाय मोठी करून दौंडच्या फलाटावर आणि शिरूरच्या एसटी स्टँडवरही लावावीत. ती खरी उतरली की नाही, हे गाडीची वाट पाहणारे लोक सांगतील.