पुनर्मीलनाचा हर्ष आणि भक्तिगीताची कसोटी

‘पेट्रा’ म्हणजे खडक. हे ग्रीक नाव घेतलेला ख्रिस्ती रॉक वाद्यवृंद १९७२ साली अमेरिकेत उभा राहिला आणि २००५ साली त्याने निरोप घेतला. १९८५ मध्ये बाहेर पडलेले गायक ग्रेग व्होल्झ २०१० साली जुन्या सहकाऱ्यांसह पुन्हा रंगमंचावर आले, तेव्हा चाहत्यांच्या आनंदाला उधाण आले. ‘बॅक टू द रॉक’ या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत बहुतेक गीते जुनीच होती. या आनंदाला हसू नये. तारुण्यात श्रद्धेला आधार देणारे गीत माणूस विसरत नाही.

तथापि भक्तिगीताची कसोटी निराळी आहे: गायक गेल्यावर ते कोण गातो? रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली निवर्तले. त्यांची पदे मराठी ख्रिस्ती समाज आजही गातो. आपल्या शहापूर-मुरबाडकडे पेटी, मृदंग आणि टाळ यांवर भजन रंगते, तेव्हा नुसता श्रोता कोणीच नसतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात लोकांच्या संगीतपरंपरेला मान दिला, तो उगीच नव्हे.

तरुणांनी परदेशी वाद्यवृंद जरूर ऐकावेत. परंतु रविवारी मिस्सेत पेटीवर बसायला कोणी नसेल, तर पुढच्या पिढीने पुन्हा ऐकावे असे आपण काय मागे ठेवणार?