नावाजलेली रायफल आणि केळापूरचे रान

शिकारकथेत वाघाच्या खालोखाल कोणाला नाव असेल, तर ते रायफलीला. हाका घालणारी माणसे नुसती ‘गावकरी’ असतात, माग काढणारा ‘एक म्हातारा गोंड’ असतो, गाडी हाकणारा ‘गाडीवाला’ असतो; रायफल मात्र आडनावासकट येते. रिग्बी, जेफ्री, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स. लंडन-बर्मिंगहॅमची ही दुकाने मराठी वाचकाने कधी पाहिली नाहीत, तरी ही नावे त्याच्या तोंडी बसली, ती भाषांतरित शिकारकथांमुळे. ही कीर्ती कशी घडली आणि रानात ती कितपत टिकली, हा प्रश्न बंदुकांच्या शौकिनांपुरता वाटेल. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर-राळेगाव पट्ट्यात २०१८ साली तो जिवावरचा प्रश्न झाला होता. म्हणून त्याची वाङ्मयीन चिकित्सा करायला हवी.

आधी रायफलीचे देणे चुकते करू. या महागड्या बंदुकांची किंमत निव्वळ नक्षीकामाची नव्हती. दुनळी रायफलीत दोन स्वतंत्र घोडे आणि दोन स्वतंत्र यंत्रणा असत. एक बिघडली तरी दुसरी चालते, आणि दुसरा बार काढायला हात हलवावा लागत नाही. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या ठरावीक अंतरावर एकाच जागी लागाव्यात म्हणून कारागीर त्या नळ्या हाताने, पुन्हा पुन्हा बार काढून जुळवत. याची दुसरी बाजू अशी, की ही जुळणी ठरावीक काडतुसासाठीच असे. काडतूस बदलले की नेम बिघडे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कॉर्डाइट हे नवे स्फोटक द्रव्य आले. इंग्लंडच्या थंडीत त्याचा दाब बेताचा राही. हिंदुस्थानातल्या उन्हाळ्यात तो वाढे आणि रिकामे काडतूस नळीत अडकून बसे. समोर जखमी वाघ आणि बंदूक उघडत नाही, या भीतीवर उत्तर म्हणून मोठ्या आकाराची, कमी दाबाची काडतुसे आणि उष्ण प्रदेशांसाठी कमी भरणा निघाला. वऱ्हाडात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या सुधारणेचे मोल वेगळे सांगायला नको. जिथे या रायफलींची कीर्ती खरी होती, तिथे ती अशा रोकड्या कारणांनी खरी होती.

पण कथांमधली कीर्ती या कारणांवर उभी नाही. ती बदलत्या मतांवर उभी राहिली, आणि मते फार लवकर पालटली. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचे उदाहरण घ्या. मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरचा त्यांचा १८७१ चा ग्रंथ अभ्यासकांना परिचित आहे. त्याआधी, १८६३ साली, त्यांनी शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. मोठ्या तोंडाची नळी, वाटोळी गोळी आणि दारूचा भरपूर भरणा, हा त्यांचा सिद्धांत. तो सातपुड्याच्या रानात अनुभवून मांडलेला होता, तरीही वीस वर्षांच्या आत लहान तोंडाच्या, लांबट गोळीच्या ‘एक्स्प्रेस’ रायफलींनी तो मागे टाकला आणि पुढे कॉर्डाइटने एक्स्प्रेसलाही मागे टाकले. दर पिढीने आपली रायफल शेवटची मानली. वाघ मात्र तिन्ही काळांत मरत होते. याचा अर्थ एवढाच, की यशाचे कारण रायफलीच्या नावात शोधणारे बहुधा चुकीच्या जागी शोधत होते.

याचा सर्वांत बोलका पुरावा जिम कॉर्बेट यांच्याच लेखनात आहे. कॉर्बेट म्हटले की .२७५ रिग्बी आठवते. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन हेवेट यांनी ती त्यांना भेट दिली. तिच्या दस्त्यावर तसा मजकूर कोरलेली चांदीची पट्टी आहे, आणि २०१५ मध्ये रिग्बी कंपनीने ती पुन्हा स्वतःकडे मिळवली. कीर्तीचा क्रम इथे नीट पाहावा. ४३६ बळींचा ठपका असलेली ती वाघीण या रिग्बीने मेली नाही. रिग्बी हे त्या कामाचे बक्षीस होते. त्या दिवशी कॉर्बेट यांच्या हाती दुसरी रायफल होती आणि खिशात अवघी तीन काडतुसे. ती संपली तेव्हा त्यांनी धावत जाऊन तहसीलदाराची बंदूक घेतली. तिच्या नळ्या आणि मागचा भाग यांच्यात फट पडलेली होती. जेमतेम वीस फुटांवरून उघड्या जबड्यावर धरलेला नेम चुकून पंजाला लागला. वाघीण आधीच्या गोळ्यांनी संपतच आली होती. हे सारे कॉर्बेट स्वतः, काहीही न लपवता सांगतात. वाचकांच्या लक्षात मात्र फट पडलेली बंदूक राहत नाही, चांदीची पट्टी राहते.

पुढे त्या रिग्बीने खरे काम केले, तेही कीर्तीला न शोभणाऱ्या कारणाने. चौगडच्या वाघिणीशी १९३० मध्ये समोरासमोर गाठ पडली तेव्हा कॉर्बेट यांच्या एका हातात रातव्याची अंडी होती. दुसऱ्या हाताने, वाघीण बिथरू नये अशा बेताने, त्यांना रायफल हळूहळू फिरवावी लागली. जड दुनळी असती तर हे साधणे कठीण होते. रिग्बी हलकी होती म्हणून साधले. आणि .२७५ रिग्बी म्हणजे तरी काय? मुळातले जर्मन माउझर काडतूस, ७ मिलिमीटरचे, लष्करासाठी काढलेले. त्याला इंग्रजी नाव दिलेले. रायफलीची मूळ यंत्रणाही माउझरचीच. लंडनच्या कारागिराचा हात तिला लागला होता हे खरे. पण ज्या गुणाने जीव वाचला, तो हलकेपणा शिपायाच्या बंदुकीतूनच आलेला होता.

दक्षिणेत केनेथ अँडरसन यांनी अमेरिकेच्या कारखान्यात घाऊक बनलेल्या .४०५ विंचेस्टरवर उभे आयुष्य काढले. तिला लंडनच्या दुकानांचा डौल नव्हता, आणि त्यांच्या नरभक्षकांना त्याची उणीव भासली असे त्यांच्या कथांत कुठे दिसत नाही. कॉर्बेट आणि अँडरसन शेजारी ठेवून वाचले की दोघांच्यात समान असलेली गोष्ट रायफल नाही. ती आहे माग वाचणे, गाऱ्यावर रात्री काढणे, गावकऱ्यांची भाषा समजणे आणि नेमके कोणते जनावर माणसे मारते आहे याची खात्री करून घेणे. कथेची बहुतेक पाने याच कामाची असतात. बार एका ओळीत होतो. मराठीतल्या शिकारकथेच्या चाहत्याने मात्र ती एक ओळ पाठ केली आणि उरलेली पाने उत्कंठेचा मसाला समजून उलटली. समीक्षेनेही याला फारसे हटकलेले नाही.

या वाचनाची किंमत केळापूरच्या बाजूला दिसते. पांढरकवडा वनविभागात, राळेगाव-केळापूर पट्ट्यात, सुमारे दोन वर्षांत तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका टी-१ या वाघिणीवर ठेवला गेला. प्राणिप्रेमींनी तिला अवनी म्हटले. बळी गेलेली माणसे कापसाच्या शेतात राबणारी, गुरे चारणारी होती. वेचणीच्या हंगामात शेतावर जायचे की नाही, हा तिथल्या घरांपुढचा रोजचा प्रश्न होता. तिच्या शोधासाठी सापळा-कॅमेरे लागले, ड्रोन आले, परदेशी अत्तर वापरले गेले. आणलेल्या हत्तींपैकी एक सुटला आणि त्याने एका महिलेचा जीव घेतला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री, बोराटी शिवारात, हैदराबादहून बोलावलेल्या शिकारी पथकाच्या गोळीने वाघीण पडली.

रायफलीच्या कामगिरीपुरते पाहिले, तर तिने आपले काम चोख केले. पण त्यानंतर उठलेला एकही प्रश्न रायफलीला उत्तर देता येण्याजोगा नव्हता. गोळी झाडणाऱ्याला तसा अधिकार होता का? वाघिणीच्या अंगावरचा डार्ट आधी मारला की नंतर टोचला? तेरांपैकी किती मृत्यू नक्की तिचेच? तिच्या दोन बछड्यांचे काय? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे अकरावे कलम अशा जनावराला मारण्याची परवानगी देते, पण ते पकडता, बेशुद्ध करता वा हलवता येत नाही याची मुख्य वन्यजीव रक्षकांची खात्री पटल्यावरच. म्हणजे कायद्यानेही बार शेवटी ठेवला आणि त्याआधीच्या कामाला महत्त्व दिले. जे कॉर्बेट यांच्या पानोपानी आहे, तेच या कलमात आहे. चर्चा मात्र दोन्ही बाजूंनी बंदूकधाऱ्याभोवती फिरत राहिली: एका बाजूला नामांकित शिकारी, दुसऱ्या बाजूला क्रूर शिकारी. शिकारकथेच्या अर्धवट वाचनाने घडवलेला नायक वर्तमानपत्रात आला, तेव्हा त्याच्याकडे पाहण्याची तिसरी रीत आपल्याकडे नव्हती.

ती रीत मराठीत आहे, पण शिकारकथेच्या कपाटात नाही. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात आयुष्य घालवून रानातल्या माणसांचे शब्द, मागांची आणि पाखरांची नावे टिपली. त्यांच्या गद्यात माग काढणाऱ्याच्या ज्ञानाला आडनाव मिळते. कॉर्बेट यांची पाने या गद्याच्या शेजारी ठेवून वाचली, तर त्यांच्यातला निसर्गवाचक पुढे येतो आणि नेमबाज आपल्या जागी, म्हणजे शेवटच्या ओळीत, जाऊन बसतो.

टिपेश्वर अभयारण्य केळापूरच्या उशाला आहे. त्याचे क्षेत्र १४९ चौरस किलोमीटरही भरत नाही, आणि तिथले वाघ बाहेरच्या शेताशिवारांतून फिरतात. माणूस आणि वाघ यांची गाठ पुन्हा पडणार, हे तिथे कोणालाही सांगावे लागत नाही. त्या वेळी कोणती रायफल आणि कोणाची, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जाईल. तो सर्वांत शेवटी यायला हवा. आधी विचारायचे ते हे: माग कोणी पाहिला, जनावर ओळखले कसे, गावाला कधी कळवले, आणि वेचणीला गेलेल्या बाईला सोबत कोण होते. केळापूरची कथा ज्याला लिहायची असेल, त्याने ही माणसे नावानिशी लिहावीत. रायफलीला ‘एक बंदूक’ म्हटले तरी चालेल.